हे कायच्यानं झालं?

मी डॉक्टर आहे, पण नाडी बघणारी नाही, हे आमच्या गावानं अजून मान्य केलेलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या अलीकडे आमचं गाव. नोकरी संपवून परत आले आणि सामान लावून होत नाही तोच ओसरीवर माणसं यायला लागली. कुणाचे गुडघे, कुणाची साखर. ‘मी माणसांना औषध देणारी डॉक्टर नव्हे, उंदरांवर प्रयोग करणारी,’ असं सांगून पाहिलं. त्यावर एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, ‘मंग उंदरायले कोनतं औषध देत होत्या? आमच्या घरी लय झाले.’

गुडघेवाले, साखरवाले हळूहळू कमी झाले. एक फाइल मात्र येतच राहिली. नागपूरच्या दवाखान्याची, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, आत बायोप्सीचा कागद. मी तो वाचते आणि जमेल तितक्या साध्या मराठीत सांगते. मग तो प्रश्न येतो. बहुतेक वेळा बाईच विचारते; नवरा अंगठ्यानं जमीन उकरत बसलेला असतो. ‘ताई, हे कायच्यानं झालं असन?’

कॅन्सर कशानं होतो हे शोधण्यात सगळी नोकरी गेली, पण हा प्रश्न मला प्रयोगशाळेत कुणी विचारला नव्हता. तिथे पदार्थापासून सुरुवात करायची. हा पदार्थ, इतका, इतके दिवस दिला तर पेशीचं काय होतं? गाव गाठीपासून सुरुवात करतं. ही गाठ, हा माणूस. आता सांगा, कुणी केलं? पदार्थाकडून गाठीकडे जायला पेशी, जनावरं, पैसा आणि चिकाटी लागते, पण माणूस पोचतो. गाठीकडून पदार्थाकडे परत येणं, तेही एकाच माणसापुरतं, बहुधा जमत नाही.

क्वचित जमतं. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती शेंगदाण्यापासून सुरू होते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी पटापट मेले. रोग सापडेना. शेवटी धागा त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत गेला, आणि पेंडीवरच्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपर्यंत. बुरशीच्या विषाला ॲफ्लाटॉक्सिन नाव पडलं. आपल्याकडे १९७४ च्या हंगामात राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला, बुरशी चढलेला मका खाऊन आदिवासी पाड्यांवर काविळीनं शंभरावर माणसं गेली. तेही हेच विष. पण हे झालं जास्त मात्रेचं. थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कॅन्सर. १९९१ मध्ये चीनमधल्या आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या रुग्णांच्या यकृताच्या गाठी तपासल्या तेव्हा पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या पी-५३ या जनुकात एकाच ठिकाणी, २४९ क्रमांकाच्या कोडॉनवर, म्हणजे डीएनएच्या तीन अक्षरी शब्दावर, तीच ती चूक पुन्हा पुन्हा दिसली. ‘जी’च्या जागी ‘टी’. गाठीवर विषाची सही सापडली म्हणायची.

यात मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते यकृतानं. ॲफ्लाटॉक्सिन पोटात जातं तेव्हा ते डीएनएला चिकटण्याजोगं नसतंच. यकृतातली विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याला शरीराबाहेर घालवता यावं म्हणून त्याच्यावर ऑक्सिजन चढवतात, आणि त्या खटपटीत जे तयार होतं तेच खरं दाहक. तिथेच ग्लुटाथिऑन नावाचा रेणू उभा असतो. त्यानं वेळेत धरलं तर लघवीवाटे सुटका, नाही धरलं तर डीएनएवर घाव. म्हणून ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात पदार्थ डीएनए बिघडवतो का हे बघणारी जिवाणूंवरची आपली प्रसिद्ध चाचणी बसवली, तेव्हा त्यात उंदराच्या यकृताचा अर्क घातला. नुसत्या जिवाणूला पदार्थ दाखवून भागत नाही, तो पदार्थ यकृतातून गेल्यावर काय होतो हे बघावं लागतं. विषशास्त्राबद्दल शाळेत एकच गोष्ट शिकवतात, मात्रा ठरवते काय विष आणि काय नाही. बरोबरच आहे. पण मात्रा ताटातली मोजायची की यकृतातून निघालेली, यावर आमच्यात वर्षानुवर्षं भांडणं चालली. डीएनएवर घाव घालणाऱ्या पदार्थांना ‘एवढ्याखाली काहीच धोका नाही’ अशी रेघ मारता येते का, यावर अजून चालतात.

मी या वाटेला लागले त्यात थोर असं काही नव्हतं. अमरावतीला बी.एस्सी., नागपूरला बायोकेमिस्ट्री, आणि मग मुंबईत परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात जागा मिळाली म्हणून परळ. बाबांना मी पांढरकवड्याच्या शाळेत शिक्षिका व्हावं असं वाटत होतं. परळला सगळ्यांच्या बोलण्यात ते केंद्र उभारणारे डॉ. खानोलकर आणि त्यांच्या शिष्या कमलताई रणदिवे ही दोन नावं असायची. कमलताई पुण्याच्या, १९१७ चा जन्म, हुजूरपागा आणि फर्ग्युसनच्या. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर काम केलं होतं हे कळलं, तेव्हा मला उगाचच जवळीक वाटली. आमच्या धुऱ्यावर सीताफळंच सीताफळं. १९४९ मध्ये खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी., मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी बाटलीत न मरता वाढत राहिल्या. त्या हेला पेशी जगभर गेल्या. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. कमलताईंनी परत येऊन मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. पुढे उतारवयात त्या नगर जिल्ह्यातल्या राजूरकडे आदिवासी पोरांच्या कुपोषणावर काम करायला गेल्या. परळमध्ये हे थोडं चमत्कारिक मानलं जायचं. पेशी सोडून पोरांकडे?

मला मात्र पेशीच फार आवडायच्या. त्यातही गालाच्या.

गालाच्या आतल्या बाजूनं लाकडी पट्टी हलकेच ओढायची, निघेल ते काचेवर पसरायचं, मिथेनॉलमध्ये बुडवून पक्कं करायचं. मग फॉयलगेन रंग. आधी आम्लात ठेवायचं. किती वेळ, यावर सगळा खेळ. कमी पडलं तर रंग बसत नाही, जास्त झालं तर डीएनएच वाहून जातो. मग शिफचं द्रावण. बाटलीत ते पाण्यासारखं बिनरंगी असतं, नाकात झोंबतं, आणि काचेवर फक्त जिथे डीएनए आहे तिथे जांभळट गुलाबी उमटतं. स्वस्तातले रंगही चालतात, पण त्यात केराटिनचे कणही रंगतात आणि नवखा माणूस कणांनाच मोजत बसतो. आता तेलाचा थेंब टाकून शंभरपटीच्या भिंगाखाली बघायचं. फिक्या पेशीत मधोमध गोल केंद्रक. आणि एखाद्या पेशीत त्याच्याशेजारी तसाच गोल, तसाच गुलाबी, पण बारका ठिपका. भाकरी थापताना लेकरासाठी शेजारी चानकी थापावी तसा. हा मायक्रोन्यूक्लियस. पेशी दुभंगताना गुणसूत्राचा तुकडा मागे राहिला, कुठल्याच घरात गेला नाही, त्यानं आपलं वेगळं बिऱ्हाड केलं. पेशी विभागतात गालाच्या खालच्या थरात, आणि वर यायला त्यांना काही दिवस ते काही आठवडे लागतात. म्हणजे आज दिसतोय तो घाव मागेच झालेला असतो. हजार-हजार पेशी मोजायच्या. बिनव्यसनी माणसात एखाद-दुसरा सापडतो. सुपारी-तंबाखूवाल्याच्या काचेवर मोजताना बोट काउंटरवरून उचलायलाच मिळत नाही.

आणि सुपारी-तंबाखू म्हणजे आमच्याकडे खर्रा. विदर्भाबाहेरच्यांना सांगायला हवं. पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना घालतात आणि तळहातानं दाबून घोट घोट घोटतात, सगळं एकजीव होऊन गरम होईपर्यंत. मग त्याच पन्नीत पुडी. खिशात पुडी नाही असा माणूस आमच्या बसस्टँडवर दिसणं कठीण. बायकाही खातात; फक्त पदराआड. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, खर्रा मात्र डोळ्यांसमोर घोटून मिळतो, ताजा.

या पुडीतलं रसायन बघितलं की वाटतं, मुद्दाम जुळवलंय की काय. तंबाखूत नायट्रोसामाइन ही कॅन्सर करणारी रसायनं आहेतच. सुपारीतल्या अ‍ॅरेकोलीनपासूनही लाळेत नायट्रोसामाइन बनू शकतात. चुन्यानं आम्लता मोडते, आणि तशा वातावरणात सुपारीतली पॉलिफेनॉलं ऑक्सिजनचे चिडके रेणू सोडायला लागतात. सुपारीत तांबंही भरपूर. ते कोलॅजनचे धागे एकमेकांत गुंफणाऱ्या विकराला चालना देतं, आणि गाल आतून ताठ होत जातो. १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हटलं. गावात म्हणतात, ‘तोंड बंद झालं.’ तोंडात आपलीच तीन बोटं उभी जायला हवीत. इथे विशी-पंचविशीतल्या पोरांची दोन जात नाहीत. ठेचा सोडा, साधी भाजी झोंबते. केरळात अशा रुग्णांवर १७ वर्षं नजर ठेवली तेव्हा ७.६ टक्के लोकांत कॅन्सर झालेला सापडला. नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे पक्कं, असं टाकलं. नागपूरच्या कॅन्सर नोंदणीत पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सगळ्यात वर आहे, यात मला काडीचं आश्चर्य वाटत नाही.

हे मी ओसरीवर सांगते तेव्हा माणसं ऐकून घेतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘थे तं खरं हाये ताई, पन हे सारं फवारनीनंच होऊन रायलं.’

फवारणीबद्दल बोलताना मला जीभ सांभाळावी लागते, कारण आमच्या जिल्ह्यानं २०१७ बघितलंय. त्या पावसाळ्यात पऱ्हाटी पुरुषभर वाढली होती, बोंडअळीनं जीव काढला होता, हवा दमट आणि कोंदलेली. मजूर पिकाच्या आत शिरून डोक्याच्या वर फवारत होते. धुकं उतरत होतं ते त्यांच्याच अंगावर. पंपात एकाच वेळी दोन-तीन औषधं कालवलेली. सदरा भिजला तरी तोच दिवसभर अंगात. यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं दगावली आणि शेकडो दवाखान्यात पडली. कापसावर मारतात त्यातल्या कितीतरी औषधांचं काम मज्जातंतूंवर चालतं. अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा निरोप स्नायूला पोचला की तो लगेच पुसणारं एक विकर असतं. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं औषध त्याच विकराला धरून बसतं. निरोप पुसला जात नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, घामाच्या धारा, स्नायू थडथडतात, शेवटी श्वास. उतारा अ‍ॅट्रोपीन, तोही वेळेत. पण पंपात दुसऱ्याही जातीची औषधं होती, आणि त्यांना अ‍ॅट्रोपीन लागू पडत नाही. दवाखान्यात नेणाऱ्याला बाटलीचं नाव सांगता येत नव्हतं.

तेव्हा मी मुंबईत होते. टीव्हीवाले एक-दोनदा विचारायला आले, ‘मॅडम, यानं पुढे कॅन्सर होईल का?’ माणसं श्वास कोंडून मरत होती आणि यांना कॅन्सर हवा होता. जणू तेवढ्यानं भागत नव्हतं.

तरी प्रश्न खोटा नाही. औषधाच्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण त्याचं उत्तर देत नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक. लाल, पिवळा, निळा, हिरवा. हे रंग ठरतात ते एका झटक्यात किती मात्रेनं निम्मे उंदीर मरतात यावरून. किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५,००० च्या वर गेलं तर हिरवा. ही निम्म्या उंदरांची मोजणी १९२७ मध्ये ट्रेव्हन नावाच्या माणसानं सुरू केली, तीही औषधांची ताकद तोलायला. थोडं थोडं वीस वर्षं अंगात गेलं तर काय, याबद्दल रंगाला काही म्हणायचं नाही. कृषी केंद्रवाला मात्र ‘हिरवा हाये, बिनधास्त मारा’ म्हणतो.

याच्या उलट टोकाला व्हॉट्सॲप. २०१५ मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेनं ग्लायफोसेट हे तणनाशक, आणि मॅलाथिऑन हे कीटकनाशकसुद्धा, ‘बहुधा कॅन्सरकारक’ या गटात टाकलं. आमच्याकडे चोर बीटी, म्हणजे तणनाशकानं न मरणारं कपाशीचं बेकायदा बियाणं, आली तेव्हापासून ग्लायफोसेट पाण्यासारखं वाहतंय, त्यामुळे तो निरोप गावात दर खरिपाला फिरतो. त्याच गटात त्याच वर्षी लाल मांसही गेलं, हे निरोपात नसतं. ही संस्था पुरावा किती पक्का एवढंच सांगते; धोका किती मोठा हे सांगणं तिचं काम नाही. सुपारीचा पुरावा पक्का, ग्लायफोसेटचा अर्धाकच्चा. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनात १९९३ पासून फवारणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची, सुमारे ८९ हजार माणसांची, वर्षानुवर्षं विचारपूस चालू आहे. कोणतं औषध, किती दिवस, हातमोजे होते का. तिथे फवारणाऱ्याकडे परवाना असतो आणि त्याला बाटलीचं नाव पाठ असतं. आमचा रोजनदार आज एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. मालक जे पंपात ओतून देईल ते तो मारतो. बाटली धुऱ्यावर फेकली जाते, नाही तर धुऊन तिच्यात रॉकेल भरलं जातं. वीस वर्षांनी त्याला गाठ आली तर कुणाला काय विचारायचं? माझं सगळं आयुष्य एकेक पदार्थ वेगळा काढून तपासण्यात गेलं, आणि हा माणूस त्याच हातानं तीन औषधं कालवतो, त्याच हातानं खर्रा तोंडात टाकतो, वर फ्लोराइडच्या बोअरचं पाणी पितो.

तर माझं मत असं. गावातल्या तोंडाच्या कॅन्सरला खर्रा जबाबदार, आणि यात मी तसूभर हटणार नाही. फवारणीनं माणूस त्याच दिवशी मरू शकतो, हे डोळ्यांदेखत घडलंय. फवारणीनं वर्षांनंतर कोणते कॅन्सर किती होतात, हे आपल्याकडे कुणी नीट लिहूनच ठेवलेलं नाही, म्हणून त्यावर छातीठोक बोलणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. मग तो कंपनीचा माणूस असो की मोर्चातला.

मत बाळगणं सोपं असतं. मागच्या दिवाळीच्या सुमाराला एक वहिनी आल्या. लांबच्या नात्यातल्या. नवऱ्याच्या गालाची गाठ, जबड्याचा तुकडा काढलेला. फाइल त्यांनी मला उघडूच दिली नाही.

‘मले सारं ठाऊक हाये ताई. फकस्त एक कागद लिहून द्या. फवारनीनं झालं म्हनून.’

‘वहिनी, असं कसं लिहू?’

‘थो फवारत नव्हता का? साऱ्या गावानं पाह्यलं.’

‘फवारत होता. पण खर्राही खायचा ना?’

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘खर्र्याचे पैसे कोन देते?’

यावर मला उत्तर सुचलं नाही. फवारताना विषबाधेनं माणूस गेला तर निदान सरकारी मदतीचा अर्ज करायला जागा असते. खर्रा खाऊन गेला तर त्याचं तोच निस्तरतो. सुपारी विकणारा, तंबाखू विकणारा, त्यावर कर घेणारा, सगळे नामानिराळे. त्यांच्या हिशेबात चूक काढता येईना. मी कागद दिला नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पुढच्या उपचारांचं काय बसतं ते बघितलं, रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं ते तहसीलला जाऊन जुळवून आणलं. त्या रागावूनच गेल्या. अजून समोरून आल्या तर पदर सावरून दुसरीकडे बघतात.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात वर्धा जिल्ह्याची कॅन्सर नोंदणी चालते. बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यांतली चालते. कुणाला, कुठे, कोणत्या वयात गाठ आली हे त्यातून कळतं, आणि ते काम फार मोलाचं आहे. पण गाठ यायच्या वीस वर्षं आधी हातात कोणती बाटली होती, हे नोंदणी मागे जाऊन कुठून आणणार? ते आजच लिहून ठेवायला हवं, गाठ नसताना. मोठ्या संस्थेनं करावं असं हे काम आहे. मी आपल्या परीनं गावातल्या फवारणाऱ्या पोरांना वह्या वाटल्या. तारीख, वावर कुणाचं, बाटलीवरचं नाव, त्रिकोणाचा रंग, किती पंप, तोंडाला काय बांधलं होतं. नाव वाचता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढायचा. याला विज्ञान म्हणायला माझे जुने सहकारी धजावणार नाहीत. नमुना छोटा, तुलनेला गट नाही, आणि निकाल बघायला मी असणार नाही.

वह्यांची गंमत अशी की पोरं त्या खरंच भरतात. एकानं ‘वास घान’ असा स्वतःचाच रकाना पाडलाय. दुसऱ्यानं बाटलीवरचं लेबल फाडून थेट वहीतच चिकटवलं. लेबलावरचं औषध वहीला लागलेलं होतं, म्हणून ती वही मी चिमटीत धरून बाहेर उन्हात ठेवली आणि त्याला हात धुवायला लावले. शेवटचा रकाना मी उशिरा घातला: दिवसाचे खर्रे. त्यावर पुतण्यानं वही उलटसुलट करून पाहिली.

‘काकू, हेबी लिहा लागते?’

‘हे आधी लिहायचं.’

‘खरं लिहू की कमी लिहू?’

‘खरं लिही.’

‘मंग हे वही तुमच्याच घरी ठेवा जी. बायको वाचते.’